१२३४५६७... यात मूळ संख्या सापडतच नाही?

वर कोणीतरी विचारलंय की १२, १२३, १२३४ असं लिहीत गेलं तर मूळ संख्या कधी मिळणार. बहुतेक पदं तर भागाकार न करताच बाद होतात राव. शेवटचा आकडा सम असेल किंवा ५ असेल तर प्रश्नच मिटला, आणि अंकांची बेरीज बघितली तर न ला (न म्हणजे जिथपर्यंत लिहीत गेलो ती शेवटची संख्या) ३ ने भागून बाकी १ उरते तेवढीच पदं ३ च्या तावडीतून सुटतात, म्हणजे दर ३० मधे फक्त ४ उमेदवार. पहिलाच १२३४५६७, तो दिसतो अगदी मूळ पण निघाला १२७ × ९७२१! लोकांनी कॉम्प्युटर लावून ३ लाखांहून जास्त पदं तपासली, अजून एकही नाही. सिद्धता मात्र कोणाकडेच नाहीये, "नसतेच" असंही म्हणता येत नाही.

गंमत म्हणजे उलटं लिहिलं, ८२ पासून खाली ८२८१८०...३२१, तर ती १५५ अंकी संख्या मूळ आहे. आणि १२३४५६७८९१० चे अवयव पाडून बघा, २ × ५ × १२३४५६७८९१, त्यातला शेवटचा अवयव चक्क मूळ :) मला तर हाच सगळ्यात आवडतो.