अवे मॅचला जायचंय, पण उभं राहता येत नाही. तुम्ही कसं करता?

बारावा गडी

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात राहून फुटबॉल बघणारे इथे बरेच आहेत, म्हणून विचारतो. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादाला धागा रेफरीवर घसरेल. प्रीमियर लीगमधला आहे, एवढं पुरे.

मला चालता येतं. काठी घेऊन अर्धा-पाऊण मैल निघतो. उभं मात्र राहता येत नाही. कण्याचा संधिवात जुना आहे आणि डावा खुबा बदललेला. एका जागी सात-आठ मिनिटं उभा राहिलो की कमरेत कुणीतरी पाना घालून नट पिळतंय असं वाटायला लागतं. चालणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं, हे डॉक्टर सोडून कुणाच्या गळी उतरत नाही. स्टेशनवरून टकटक चालत आलेला माणूस ‘मला बसायची जागा हवी’ म्हणाला, की समोरच्याच्या भुवया वर जातातच.

घरच्या मैदानावर काही अडचण नाही. मेन स्टँडला सीझन तिकीट आहे आणि आजूबाजूला सगळी पेन्शनर मंडळी. गोल झाला तरी गुडघ्यावर हात टेकून, विचार करून उठतात. पण अवे मॅचला, म्हणजे दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर, पाहुण्या चाहत्यांसाठी राखलेल्या भागात (अवे एंडला) पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सगळे उभे. नियम काय म्हणतो ते सोडा, व्यवहार हा आहे.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रांग अकरावी, मी आणि तेरा वर्षांची लेक. खुर्चीत बसलो आणि समोर एक निळं जॅकेट उभं राहिलं. त्याच्या पाठीवरच्या शिवणीला एक दोरा सुटला होता. नव्वद मिनिटं तो दोरा बघितला. माणूस भला होता, दोनदा वळून ‘सॉरी मेट’ म्हणाला. पण तो बसून काय होणार? त्याच्यापुढे आणखी नऊ रांगा उभ्या. स्टुअर्डला, म्हणजे गर्दी सांभाळणाऱ्या मैदानावरच्या कर्मचाऱ्याला, सांगितलं. त्याने हात खाली-खाली करून बसायची खूण केली, लोक बसले, मी जेमतेम एक थ्रो-इन पाहिला आणि सगळे परत उठले.

मग लेकीने कॉमेंट्री सुरू केली. ‘बाबा, कॉर्नर. बाबा, त्यांचा. बाबा, काही नाही, बाहेर.’ मी कानात रेडिओही घालून बघितला आहे, पण डिजिटल रेडिओ काही सेकंद मागे असतो. गर्दी आधी ओरडते आणि मग निवेदक सांगतो की चेंडू आता बॉक्समध्ये येतोय. म्हणजे आपल्याच आयुष्याचा रिप्ले ऐकत बसायचं.

लोकांना बसवा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. वीस वर्षं मीही त्यांच्यातलाच एक होतो, घसा बसेपर्यंत ओरडणारा. ते उभं राहणं, ते गाणं गेलं, तर अवेला जायचं तरी कशाला?

व्हीलचेअरच्या जागा असतात, त्यांत मी बसत नाही. साध्या खुर्च्या असतात, त्यांतून मला दिसत नाही. या मधल्या फटीत आणखी कुणी आहे का? आणि असाल तर नेमकं काय मागता, कुणाकडे?

उत्तर टोक

काका, राग मानू नका, पण अवे एंड म्हणजे उभं राहणंच. पाहुण्यांना तिकिटं मिळतात ३,०००. मैदान ३०,००० च्या आतलं असेल तर क्षमतेच्या दहा टक्के. एवढ्याशा कोपऱ्यातून अख्ख्या स्टेडियमला ऐकू जाईल असं ओरडायचं असतं. त्यात हा भाग बसणाऱ्यांचा, तो लहान मुलांचा, असे तुकडे पाडले तर उरेल काय? टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं, हेही खरं आहे.

चाकांवरची

टीव्हीवर तुम्हालाही चांगलंच दिसतं, उत्तर टोक. तरी जाताच ना?

बारावा गडी, मी व्हीलचेअरवर असते, त्यामुळे तुमच्या फटीच्या अलीकडच्या काठावर. आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. नव्या मैदानांत आमच्या जागा उंच चौथऱ्यावर असतात, त्याला सुपर रायझर म्हणतात. पुढचा माणूस उभा राहिला तरी त्याच्या डोक्यावरून मैदान दिसेल, इतका तो उंच असतो. जुन्या मैदानांत आम्ही बऱ्याचदा अगदी खाली, मैदानालगत. पाऊस थेट मांडीवर, आणि दिसतात ती लाइन्समनची पोटरी आणि जाहिरातींचे बोर्ड.

एका मैदानावर तर मला यजमानांच्या चाहत्यांमध्ये बसवलं होतं, कारण अवेच्या बाजूला चौथराच नव्हता. ८८ व्या मिनिटाला आमचा गोल झाला. माझे ३,००० लोक पलीकडच्या कोपऱ्यात वेडे झाले होते आणि मी हाताची घडी घालून ओठ चावत होते. शेजारच्या आजोबांनी हळूच विचारलं, ‘तुमचा ना?’ मी मान हलवली. त्यांनी मला एक मिंटची गोळी दिली. तो गोल मी साजरा केला तो असा.

आता कामाचं. पहिलं म्हणजे तुमच्या क्लबात डिसेबिलिटी अ‍ॅक्सेस ऑफिसर असेल, त्यांना ईमेल करा. फोन नको, लेखी हवं. ज्या मैदानावर जायचंय तिथल्या अ‍ॅक्सेस ऑफिसरलाही तेच पत्र पाठवा. तिकीट आपला क्लब विकतो, पण पायऱ्या, लिफ्ट, स्टुअर्ड हे सगळं यजमानांच्या हातात. सेंट जेम्स पार्कचं उदाहरण घ्या. न्यूकॅसलला पाहुण्यांना सातव्या लेव्हलवर बसवतात, चढायला चौदा जिने. लिफ्ट आहे, पण ती वापरायची तर आधीच कळवून ठेवलेलं बरं, नाहीतर खाली उभं राहून समजावत बसा. आणि उभंच तर राहता येत नाही!

दुसरं, पत्रात ‘संधिवात आहे’ एवढंच लिहू नका. किती मिनिटं उभं राहता येतं, किती पायऱ्या चढता येतात, कठडा कोणत्या हाताला हवा, ते लिहा. आजाराच्या नावावरून खुर्ची ठरत नाही.

तिसरं, तुम्हाला मदतनीस लागतो हे क्लबला पटलं, तर बहुतेक ठिकाणी त्याचं तिकीट फुकट असतं. लेक अल्पवयीन आहे, त्यामुळे ती चालेल का, ते विचारून घ्या.

पिवळं जॅकेट

शिकत असताना तीन हंगाम स्टुअर्ड होतो, बहुतेक वेळा अवे सेक्शनलाच. म्हणजे ‘खाली बसा’ अशी खूण करणारा तो हताश प्राणी मीच. आम्हालाही माहीत असतं की अर्ध्या मिनिटात सगळे उठणार. ३,००० माणसांना सहा जण बसवू शकत नाहीत. प्रयत्न केला तर भांडणं होतात, आणि भांडण हे उभं राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं.

थोडा इतिहास, कारण तुमच्या पत्रात तो उपयोगी पडेल. १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर गर्दीत चेंगरून माणसं मेली. त्या दुर्घटनेतल्या बळींचा आकडा आज ९७ आहे. त्यानंतर तिच्या चौकशीचा टेलर अहवाल आला आणि १९९४ पासून वरच्या दोन विभागांतली मैदानं फक्त खुर्च्यांची झाली. लोक उभे राहायचे थांबले नाहीत, फक्त खुर्च्यांच्या मधे उभे राहू लागले, पोटरीला खुर्चीची कड लागून. शेवटी २०२२ च्या जानेवारीत पाच क्लबांत परवानगीने उभं राहण्याचा प्रयोग झाला आणि २०२२-२३ पासून अटी पाळणाऱ्या इतर क्लबांनाही ती वाट मोकळी झाली. दर रांगेला लोखंडी कठडा आणि त्यात बसवलेली खुर्ची, ती हीच.

त्या अटी वाचा. प्रत्येकाला स्वतःची जागा हवी. खुर्ची वर करून कुलूप लावायचं नाही, म्हणजे बसायची सोय राहायलाच हवी. आणि इतर प्रेक्षकांना, अपंग प्रेक्षक धरून, दिसण्यात त्यामुळे अडथळा यायला नको. हे शेवटचं वाक्य फारसं कुणी पत्रात लिहीत नाही. तुम्ही लिहा. जोडीला २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट, त्यातली वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी.

आता गणित. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर. पुढचा उभा माणूस १७५ चा धरा आणि त्याची पायरी तुमच्यापेक्षा ४० ने खाली. तरी त्याचं डोकं तुमच्या पायरीपासून १३५ वर येतं. म्हणजे नजरेच्या वर. मैदान तर आणखी खाली, त्यामुळे त्याच्यापुढच्या रांगाही आड येतात. एकट्या निळ्या जॅकेटला बसवून काही साधणार नव्हतं, हे तुमचं बरोबर आहे.

मग सगळे सुचवतात, पहिल्या रांगेत बसवा. मी म्हणेन, जपून. गोल झाला की मागची गर्दी पायऱ्यांवरून थेट पहिल्या रांगेवर उतरते. खुबा बदललेल्या माणसाला ती जागा मी तरी देणार नाही. शिवाय पुढच्या भिंतीवर झेंडे बांधलेले असतात आणि स्टुअर्ड येरझाऱ्या घालत असतात.

चांगली जागा दुसरीच आहे. स्टँडमध्ये आत यायचे जे बोगदे असतात ना, त्यांच्या बरोबर वरची रांग. तिच्या पुढे माणूसच नसतो, कारण पुढे बोगद्याचं तोंड असतं. फक्त कठडा असतो. तो भरीव आहे की काचेचा की नळ्यांचा, ते आधी विचारून घ्या, कारण बसल्यावर नेमका तोच डोळ्यांसमोर येतो. प्रत्येक बोगद्यावर पाच-सहा जागा मिळतात.

आणि यात मेख अशी आहे की यासाठी यजमान क्लबाने फार काही करायचं नसतं. पाहुण्यांच्या जागांचा नकाशा विक्रीपूर्वी तुमच्या क्लबाच्या तिकीट ऑफिसकडे येतो. त्यांनी तेवढ्या जागा आधीच बाजूला काढायच्या, उरलेल्या पॉइंट्सप्रमाणे, म्हणजे आधी किती सामन्यांना गेलात त्यावरून, विकायच्या. आत्ता त्याच जागा संगणक कुणालाही देतो आणि तो तिथे उभाच राहतो.

उत्तर टोक

बोगद्यावरच्या रांगेबद्दल डोक्यात आलं नव्हतं. ती आम्हाला नकोच असते, कठड्यामुळे ढोल वाजवायला अडचण होते. टीव्हीचं वाक्य मागे घेतो.

मिडफिल्ड मावशी

अवांतर, पण महत्त्वाचं: मॅच संपल्यावरचं बघून ठेवा. पाहुण्यांना कधीकधी थोडा वेळ आतच थांबवून ठेवतात आणि मग एकदम सोडतात. माझ्या मिस्टरांना श्वासाचा त्रास आहे. आम्ही स्टुअर्डला सुरुवातीलाच सांगतो की बाहेर पडताना आम्हाला खुर्चीतच राहू द्या, गर्दी ओसरली की निघू. ट्रेनला मदत हवी असेल तर पॅसेंजर असिस्ट दोन तास आधीपर्यंत मागता येते. टीव्हीसाठी मॅचची वेळ बदलली की आधी केलेलं बुकिंगही बदला. आम्ही एकदा विसरलो होतो.

बारावा गडी

सहा आठवड्यांनी परत आलो. सगळ्यांचे आभार, पिवळं जॅकेट यांचे विशेष.

पत्र लिहिलं. आजाराचं नाव एका ओळीत, ‘सात मिनिटं, बारा पायऱ्या, कठडा उजवीकडे’ हे ठळक. अटींमधलं ते वाक्य घातलं आणि मागणी एकच ठेवली: बोगद्यांवरच्या जागा विक्रीआधी बाजूला काढा, आणि तिकीट घेताना ‘मला उभं राहता येत नाही’ असा एक चौकोन ठेवा. दहा दिवस उत्तर नाही. मग तिकीट ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, नकाशा त्यांच्याकडे असतो हे खरं, पण आजवर असं कुणी मागितलंच नव्हतं. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते अजून ठरवतोय. चौकोनाचं ‘पुढच्या हंगामात बघू’.

पहिल्या मॅचला जमलं नाही. त्या मैदानावर अवे सेक्शनचे बोगदे अगदी खाली उघडतात, वर रांगच नाही. रांगेच्या टोकाची खुर्ची दिली. पायऱ्यांच्या बाजूला मान वाकडी करून एक गोलपोस्ट दिसत होता. अर्धा सामना म्हणायला हरकत नाही.

दुसरीला मात्र बोगद्यावर जागा मिळाली. कठडा नळ्यांचा. एक आडवी नळी बरोबर सेंटर सर्कलवरून जात होती, पण डोकं दोन इंच हलवलं की काम होत होतं. तिकीट ३० पौंड, म्हणजे अवेची जी कमाल किंमत आहे तीच. आणि मागे सगळे उभे, सगळे गात होते. मी बसून गात होतो. उत्तरार्धात दोन पोरं कठड्याला टेकून फोटो काढायला आली. मी काही बोलायच्या आतच मागून कुणीतरी ओरडलं, ‘काकांना दिसू द्या रे’, अर्थात इंग्रजीत आणि दोन शिव्या जास्त घालून.

लेकीला काही कामच उरलं नाही. कॉमेंट्रीची गरज नाही म्हटल्यावर ती ७० व्या मिनिटाला पाय (pie, खायचा) आणायला गेली आणि रांगेत असतानाच आमचा गोल झाला. पाय घेऊन धावत आली, समोर सगळे एकमेकांच्या गळ्यात. ‘बाबा, काय झालं?’ मग मी सांगितलं. डावीकडून क्रॉस, पहिल्या पोस्टवर हेडर, गोलकीपरच्या हाताला लागून आत.