केमिस्ट संघटनेचं खजिनदारपद बिनविरोध देतायत, घ्यावं का?

गल्लीतलं मेडिकल
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे, वडिलांपासूनचं. परवा आमच्या केमिस्ट संघटनेचे दोन ज्येष्ठ दुकानात आले, चहा झाला आणि "आता तरुणांनी पुढं यायला पाहिजे" म्हणत खजिनदारपद गळ्यात घालून गेले. निवडणूक नाही, सगळं बिनविरोध. मानधन अर्थातच शून्य. बायको विचारते, काउंटर कोण सांभाळणार? माझी शंका वेगळी आहे. चेकवर सही माझी असणार, मग उद्या काही निघालं तर जबाबदारी कुठवर येते? हो म्हणण्याआधी काय बघून घ्यावं?

तिरकट
बिनविरोध म्हणजे बाकी कुणालाच नकोय. अभिनंदन!

सहीवाले काका
तिरकटराव, थट्टा पुरे. मी आमच्या तालुक्यात आधी सहसचिव, मग सचिव होतो. माझं मत, पद घ्या. पण त्या दोघा ज्येष्ठांकडे आधी पासबुक, प्रोसिडिंग बुक (बैठकांच्या इतिवृत्ताची वही) आणि धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा ताजा उतारा (संघटनेची आणि पदाधिकाऱ्यांची सरकारदरबारची नोंद) मागा. उताऱ्यावर कुणाची नावं आहेत ते नीट वाचा. आमच्या उताऱ्यावर एक दिवंगत अध्यक्ष सुखाने नांदत होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, त्याच कार्यालयात द्यावा लागतो (सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, कलम २२). होतं असं की निवड झाल्यावर हारतुरे होतात, पेपरात फोटो येतो आणि रिपोर्ट राहून जातो. मग बँक सह्या बदलून देत नाही आणि जुन्या खजिनदाराच्या कोऱ्या चेकवरच्या सह्यांवर कारभार चालतो. तुमच्या हातात असं चेकबुक ठेवलं तर ते घेऊच नका.

वर्गणीचंही सांगतो. संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असलेल्याला मत देता येत नाही. त्यामुळे निवडणूक लागली की आदल्या रात्री कुणीतरी वीस-पंचवीस जणांची वर्गणी पिशवीत घेऊन येतो आणि "पावत्या मागच्या तारखेच्या फाडा" म्हणतो. पावती ज्याच्या त्याच्या नावाची आणि तारीख त्याच दिवसाची. इथं भिडेला पडलात की संपलात.

पण पैशापेक्षा मला जास्त भीती लेटरहेडची वाटते. आमच्याकडे स्टँडसमोर एकाने नवीन दुकान टाकलं आणि बाहेर "सर्व औषधांवर २० टक्के सूट" असा फ्लेक्स लावला. तासाभरात फोटो ग्रुपवर. संध्याकाळी अध्यक्षांच्या गोडाऊनमध्ये सलाईनच्या खोक्यांवर बसून तातडीची बैठक. मागणी एकच: सगळ्या स्टॉकिस्टना (घाऊक विक्रेत्यांना) पत्र काढा, याला माल देऊ नका. त्यांचा राग मला कळत होता. सरकारने कमाल किंमत ठरवलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के मार्जिन धरलेलं असतं, त्यात हा वीस टक्के सूट कुठून देणार? तरीही मी म्हटलं, या पत्रावर माझी सही होणार नाही. स्पर्धा आयोगाने २०१२ साली गोव्यातल्या केमिस्ट संघटनेला अशाच दंडेलीबद्दल दंड केला होता. दंड संघटनेपुरताच राहील असंही नाही, पदाधिकाऱ्यांना व्यक्तिशः धरायची सोय कायद्यात आहे. आणि पुरावा म्हणून लागतं काय, तर आपलंच पत्र, आपलंच इतिवृत्त, आपल्याच ग्रुपवरचे मेसेज. त्यावर एक सभासद म्हणाले, "मग तोंडी सांगू." मी तिथंच इतिवृत्तात लिहिलं, "माल रोखण्याची सूचना आली, सचिवांनी विरोध नोंदवला." ते गृहस्थ पुढं बराच काळ लग्नकार्यातही माझ्याशी धड बोलले नाहीत. चालतंय.

मग संघटनेने करायचं काय? एक्सपायरी! प्रत्येक दुकानात माळ्यावर एक्सपायरीची खोकी पडलेली असतात, आणि एकट्या दुकानदाराला स्टॉकिस्टचा माणूस "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून वाटेला लावतो. आम्ही स्टॉकिस्टांशी बसून माल परत न्यायचा आठवडा ठरवून घेतला. शेड्यूल एच१ चं, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, झोपेच्या गोळ्या अशा कडक नियमांतल्या औषधांच्या विक्रीचं रजिस्टर बरेच जण भरतच नव्हते. ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. औषध निरीक्षकांनाच बोलावून ते सगळ्यांना शिकवून घेतलं. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, पण वर्गणी न मागता येते.

ताळेबंद
सीए म्हणून थोडी भर. सभासदांच्या वर्गणीवर परस्परतेच्या तत्त्वामुळे (सभासदांचाच पैसा सभासदांसाठीच, म्हणून ते उत्पन्न नाही) आयकर लागत नाही हे बरोबर, पण "संघटनेला टॅक्सच नाही" हे चूक. बँकेतल्या एफडीच्या व्याजाला हे तत्त्व लागू नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बंगलोर क्लबच्या प्रकरणात तसं सांगितलंय. स्नेहसंमेलनाला औषध कंपन्यांनी दिलेले पैसे वर्गणीत मिसळू नका, वेगळे दाखवा. आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागून घ्या. "ऑडिट चालू आहे" हे उत्तर नव्हे.

गल्लीतलं मेडिकल
काका, ताळेबंद, आभार. जुन्या खजिनदारांना फोन केला. म्हणाले, पासबुक दुकानात कुठंतरी आहे, शोधून देतो. एफडी मात्र त्यांच्या आणि अध्यक्षांच्या नावावर आहे म्हणे, "त्या वेळी सोयीचं पडलं" म्हणून. माणूस सरळ आहे हो, माझ्या वडिलांचे मित्र. त्यांना कसं बोलू?

सहीवाले काका
सरळ आहेत म्हणूनच बोला. "काका, उद्या तुम्हाला काही झालं तर घरच्यांना वारस म्हणून कागदं नाचवावी लागतील, आपण आत्ताच संघटनेच्या नावावर करून टाकू," असं म्हणा. त्यांनाही ते ओझंच असणार. एफडी संघटनेच्या नावावर होऊन पावती हातात पडेपर्यंत पदभार घेतल्याची सही करू नका. निवड जाहीर झाली तरी चालेल, पदभाराची सही नको. आणि हिशोब ज्या तारखेपासून तुमच्याकडे येतो, ती तारीख आणि त्या दिवशीची शिल्लक प्रोसिडिंगमध्ये लिहून त्यांची सही घ्या.

गल्लीतलं मेडिकल
बोललो. उद्या सकाळी दोघं मिळून बँकेत जातोय. बायको काउंटरला बसतेय, पण हे दर आठवड्याला चालणार नाही म्हणाली.

तिरकट
साहेब जेवायला उठायच्या आधी पोचा. आणि पॅनकार्ड न्या, संघटनेचं. असेल तर.