रेडिएशन चालू आहे, अप्पांच्या तोंडात काहीच जात नाही. नळी घालावी का?

औशाची लेक:
नमस्कार. माझे वडील, वय 58, तीस वर्षं तंबाखू-चुना. डाव्या गालाच्या आतला कॅन्सर. ऑपरेशन झालं, आता रेडिएशन चालू आहे, 30 पैकी 14 झाले. ऑपरेशनच्या वेळी वजन 61 होतं, काल काट्यावर 54 भरलं. आम्ही उपचारासाठी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. एक शेगडी आणि एक मिक्सर, एवढंच स्वयंपाकघर.

तोंडात पांढरे चट्टे आलेत, लाळ चिकाच्या तारेसारखी. तोंड जेमतेम दीड बोट उघडतं. काल मुगाची खिचडी मिक्सरमधून काढली, गाळली, गार केली. चार चमचे कसेबसे घेतले आणि वाटी हाताने बाजूला सारली. डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टर नाकातून नळी घाला म्हणतात. अप्पा ऐकत नाहीत. त्यांच्या थोरल्या भावाला शेवटच्या दिवसांत नळी होती, ते त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यात पाहुणे भेटायला येऊन सांगून गेले की दूध-साखर बंद करा, त्यानं कॅन्सर वाढतो. तेव्हापासून दूधही सोडलंय. काय करू?

मंगल, सांगली:
ताई, माझ्या मिस्टरांना जिभेचा कॅन्सर होता, 33 रेडिएशन झाले. मीही तुझ्यासारखीच नळी टाळत बसले. आज नको, उद्या खातील, असं करत तीन आठवडे घालवले. वजन इतकं उतरलं की रेडिएशनच्या वेळी तोंडावर बसवतात तो जाळीचा मास्क सैल झाला. नवा करावा लागला आणि चार दिवस मशीनवर घेतलंच नाही. ते चार दिवस मला आजही सलतात. म्हणून सांगते, नळी घाल, आणि या आठवड्यातच घाल.

नळी पडल्यावर पहिला फरक घरात दिसला. मी वाटी घेऊन मागे लागायची, ते चिडायचे, मग दोघंही रडायचो, ते सगळं थांबलं. जेवण म्हणजे दुखणं, हे त्यांच्या डोक्यातून गेलं.

आता कामाचं सांगते. नर्सबाई शिकवतीलच, पण हे लक्षात ठेव. नाकपुडीपाशी नळीवर पेनाने खूण करून घे. खूण सरकलेली दिसली तर थेंबही घालायचा नाही, आधी दवाखान्यात दाखवायचं. बसवूनच भरवायचं, आणि नंतर पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. पन्नास मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेव, तिचं नुसतं नरसाळं कर. दाबून घालू नकोस. हात उंच धरला की भरभर उतरतं, खाली आणला की हळू. दोनशे मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागू देत. मधे खोकला आला तर लगेच थांब. आधी आणि नंतर थोडं साधं पाणी सोडलं की नळी तुंबत नाही.

माझी एकदा तुंबली ती नाचणीच्या पेजेनं. गरम असताना पातळ होती, कोमट होईतो खळ झाली. मग सासूबाईंनी मोड आणून, वाळवून, दळलेल्या नाचणीची करायला सांगितली. ती गार झाली तरी पातळ राहते, त्यामुळे पीठही जास्त घालता येतं. सगळं मिक्सरमधून काढून ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळायचं. चहाच्या गाळणीनं भागत नाही.

आणि एक. वरणाला मी तूप-जिऱ्याची फोडणी द्यायचेच. चव कळणार नव्हती, पण वास यायचा. फोडणी चुरचुरली की ते आपणहून खुर्चीत येऊन बसायचे.

आहारतज्ज्ञ_मेधा:
मंगलताईंशी पूर्ण सहमत. 61 चं 54 म्हणजे अकरा टक्क्यांहून जास्त घट. इतकी घट थोपवायची तर चमच्यांचा हिशोब पुरणार नाही.

अप्पांना दिवसाला साधारण 1600 ते 1900 कॅलरी आणि 65 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवीत. पेज आणि डाळीचं वरचं पाणी यांनी पोट भरतं, पण त्यात प्रथिनं जवळपास नसतात. नेमकी इथेच बहुतेक घरं फसतात. डाळ गाळून टाकू नका, वाटून घाला. लीटरभर दुधात 32 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात, त्यातच दूध पावडर कालवली तर आणखी. अंडं चालत असेल तर पूर्ण उकडून वाटा, कच्चं कधीच नको. प्रत्येक वेळी चमचाभर तूप किंवा तेल. दर दोन-अडीच तासांनी 200 ते 250 मिली, दिवसातून सात-आठ वेळा. मात्र इतके दिवस पोट जवळजवळ रिकामं असेल तर पहिल्याच दिवशी सगळं भरू नका, मात्रा डॉक्टरांना विचारून दोन-चार दिवसांत वाढवा.

दूध-साखरेबद्दल कळकळीने सांगते. उपाशी ठेवून गाठ उपाशी राहत नाही, शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर तयार करतं. मधुमेह नसेल तर दूध आजच सुरू करा. पाहुण्यांना माझं नाव सांगा.

तोंडासाठी लीटरभर कोमट पाण्यात छोटा चमचा मीठ आणि छोटा चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या. नळी असली तरी डॉक्टरांची परवानगी असेल तर रोज घोट-घोट पाणी गिळत राहायचं, नाहीतर गिळणारे स्नायू सुस्तावतात. जबड्याचे व्यायामही सोडू नका. गोळ्यांची पूड अन्नात मिसळू नका, आणि कुठली गोळी कुटायची नाही ते औषधवाल्याला विचारा.

बार्शीकर:
हे अप्पांना वाचून दाखवा. अप्पा, मी स्वतः पेशंट. मावा खायचो. मलाही नळी होती, नऊ आठवडे. पहिले दोन दिवस घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, मग सवय होते. तुमच्या भावाला नळी शेवटाला घातली होती. तुम्हाला उपचार पुरे करायला घालतायत. मी आज ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खातो.

औशाची लेक:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बार्शीकरकाका, तुमचं लिहिलेलं अप्पांनी दोनदा वाचायला लावलं. बुधवारी नळी घातली. आज रेडिएशनचा 19 वा दिवस, वजन 54 वरच थांबलंय. सकाळची सिरिंज आता ते स्वतः धरतात, मी फक्त ओतते. काल संध्याकाळी वरणाला फोडणी दिली, तर वहीवर लिहून दाखवलं, "हिंग कमी पडला."