मदत हवी आहे: लहान मुलांसाठी गोष्टवाचनाचा दिवस, आणि त्यानंतरचे दिवस

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा स्वयंसेवी गट आहे. वेगवेगळ्या देशांत राहणारी माणसं. कोणी शिक्षिका, कोणी ग्रंथपाल, बरेचसे नुसतेच पालक. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना घरच्यांसकट बोलवायचं आणि मोठ्याने गोष्टी वाचून दाखवायच्या, असा कार्यक्रम आम्ही आपापल्या ठिकाणी एकाच दिवशी करतो. जागा मिळेल ती: वाचनालयाचा कोपरा, इमारतीचा हॉल, बाग. पुढच्या वेळची आखणी सुरू झाली आहे आणि काही बाबतींत आमचं घोडं अडलंय. ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा.

मुख्य अडचण आधी सांगते. दिवस छान जातो. मुलं येतात, गोष्टी रंगतात, फोटो निघतात. पण घरी गेल्यावर पुस्तक उघडलं जातं का? अक्षरओळखीच्या आधीची जी तयारी असते, म्हणजे नवे शब्द कानावर पडणं, पान उलटणं, चित्र आणि शब्दांचा संबंध लागणं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, ती वर्षातल्या एका तासात कशी होणार? ती रोज झोपायच्या आधी कोणाच्या तरी मांडीवर बसून होते. त्यामुळे कार्यक्रम मुलांचा दिसत असला तरी मी तो मोठ्यांचाच धरते. त्या तासाभरात त्यांच्या हाती नेमकं काय द्यावं?

म्हणून इतरत्र काय चालतं ते वाचून काढलं. ब्रिटनमध्ये 'बुकस्टार्ट' १९९२ साली बर्मिंगहॅममधल्या ३०० कुटुंबांपासून सुरू झालं. बाळाच्या आरोग्य तपासणीच्या वेळीच पालकांच्या हातात पुस्तकांची पिशवी. अमेरिकेतलं 'रीच आउट अँड रीड' त्याच्याही आधीचं, १९८९चं, बॉस्टनमधल्या एका रुग्णालयातलं. तिथे तपासणीला आलेल्या मुलाला डॉक्टरच पुस्तक देतात, ते बरोबर बसून कसं वाचायचं हे आईवडिलांना सांगतात, आणि मूल पुस्तक कसं हाताळतं यावरून त्याच्या वाढीचा अंदाजही घेतात. जॉर्डनमध्ये रना दजानी यांनी २००६ साली अम्मानमधल्या एका मशिदीत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला सुरुवात केली. त्यातून उभं राहिलेलं 'वी लव्ह रीडिंग' वस्तीतल्याच माणसांना शिकवून तयार करतं आणि ती माणसं तिथल्याच मुलांना नेमाने वाचून दाखवतात. तिन्हींत मला एक गोष्ट सारखी दिसली. कुटुंब जिथे एरवीही परत परत येणार आहे, त्या खुंटीला पुस्तक अडकवलंय.

एका दिवसाचे मोठे उपक्रमही आहेत. जर्मनीत २००४पासून मोठ्याने वाचण्याचा देशव्यापी दिवस असतो, नोव्हेंबरचा तिसरा शुक्रवार. ऑस्ट्रेलियात दरवर्षी वाचनालयं, शाळा आणि बालवाड्या ठरलेलं एकच चित्रपुस्तक एकाच वेळी वाचतात. पण त्यांच्यामागे वर्षभर काम करणाऱ्या संस्था उभ्या आहेत. आमच्यामागे तसं कोणी नाही. मग आमच्यासारख्या गटाने कोणती खुंटी शोधावी?

बाकीचे प्रश्न:

वयाचं काय करावं? आठ महिन्यांचं बाळ पुस्तक तोंडात घालतं (माझ्या मते तीही वाचनाचीच सुरुवात आहे), अडीच वर्षांच्या मुलाला तेच पान पुन्हा पुन्हा हवं असतं, पाच वर्षांच्याला शेवट ऐकायची घाई. सगळ्यांना एकत्र बसवलं की वाचणाऱ्याची तारांबळ, वेगळं बसवलं की दोन मुलं घेऊन आलेल्यांची पंचाईत.

भाषा कोणती? माझा आग्रह घरच्या भाषेचा. ज्या भाषेत आई सहज रागावते आणि लाड करते, त्या भाषेत ती वाचेलही मोकळेपणाने. पण मूल शाळेत मागे पडेल या भीतीने काही पालक शाळेच्या भाषेचाच हट्ट धरतात, आणि त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेतला 'नलिबली' हा उपक्रम २०१२पासून तिथल्या अनेक भाषांमध्ये गोष्टी उपलब्ध करून देतो. आमच्याकडे मात्र एका खोलीत तीन-चार भाषांची कुटुंबं असतात आणि वाचणारी एकटीच.

ज्या मोठ्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. मागच्या वेळी एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. पुस्तक दिलं तर "मला नाही येत गं" म्हणून परत करायला लागल्या. आमच्यातल्या एकीने त्यांना बिनशब्दांचं चित्रपुस्तक दिलं. पहिल्याच पानावरच्या कोंबडीवर बोट ठेवून त्या नातवाला म्हणाल्या, "ही कुठं निघाली, सांग बघू?" नातू त्यांच्या अंगावर रेलला आणि पानं उलटायचं काम त्याने आपल्याकडे घेतलं. अशी पुस्तकं जास्त लोकांपर्यंत कशी पोचवता येतील?

तारखेचाही घोळ आहे. २१ फेब्रुवारी (मातृभाषा दिन), २ एप्रिल (बालपुस्तक दिन) आणि ८ सप्टेंबर (साक्षरता दिन) अशा तीन सूचना आल्या आहेत. शाळांच्या सुट्ट्या आणि ऋतू सगळीकडे वेगळे. मला मातृभाषा दिन पटतो, पण उत्तरेकडच्या थंड देशांतल्यांना तेव्हा बागेत जमणं अवघड.

प्रतिसाद १ (बालवाडी शिक्षिका)

वयोगट वेगळे करू नका. वाचन पंधरा मिनिटांत आटपा. एकच छोटं पुस्तक दोनदा वाचा. दुसऱ्यांदा मुलं स्वतः बोलायला लागतात. बाळांसाठी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं सतरंजीवर मोकळी ठेवा.

उरलेला वेळ पालकांना द्या. १९८८ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना फक्त वाचण्याची पद्धत बदलायला सांगितली होती: मुलाला विचारा, त्याचं ऐका, त्यात भर घाला. महिनाभरात ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली होती. करायला अगदी सोपं आहे. "हे काय?" "गाडी." "हो, लाल गाडी! कुठे चालली असेल?" आधी तुम्ही करून दाखवा, मग तिथेच प्रत्येक पालकाला आपल्या मुलाबरोबर दहा मिनिटं करू द्या. नुसतं भाषण दिलं तर घरी कोणी काही करत नाही. त्या आजींनी हे कोणी न सांगता केलं, तेव्हा पुढच्या वेळी प्रात्यक्षिक त्यांनाच द्यायला सांगा!

प्रतिसाद २ (ग्रंथपाल)

भाषांसाठी 'स्टोरीवीव्हर' बघा. 'प्रथम बुक्स' या भारतातल्या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेला हा ऑनलाइन मंच आहे. एकच चित्रकथा अनेक भाषांत मिळते, मुक्त परवाना असल्याने ती छापता येते, तिचं भाषांतरही करता येतं. फक्त लेखक-चित्रकारांचा नामोल्लेख करायचा. बिनशब्दांच्या गोष्टीही तिथे आहेत. 'आफ्रिकन स्टोरीबुक'चं कामही असंच मुक्त परवान्याने चालतं. तुम्ही चित्रं दाखवत एका भाषेत वाचा आणि प्रत्येक कुटुंबाला तीच गोष्ट त्यांच्या भाषेत छापून घरी द्या.

वाचनाचं चित्रीकरण करून टाकणार असाल तर इतर प्रकाशकांच्या पुस्तकांना आधी परवानगी घ्या. मुलांच्या फोटोंसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि नाव, ठिकाण जाहीर करू नका.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. एकच गोष्ट दोनदा वाचायची हे पक्कं केलं. आजींना विचारते, त्या हो म्हणाल्या तर मला फार आनंद होईल. भाषेचा प्रश्नही बराचसा सुटला. खुंटीचं मात्र अजून डोक्यात आहे.

प्रतिसाद ३ (पालक)

पुस्तक भेट देऊ नका, उसनं द्या. पंधरा दिवसांनी त्याच जागी परत करायचं आणि दुसरं न्यायचं. परत करायला आले की आपोआप दुसरा गोष्टवाचनाचा तास. आमच्या वस्तीत हे असंच सुरू झालं. यायला जमणार नाही त्यांचं पुस्तक शेजारी घेऊन येतात, त्यामुळे शेजाऱ्यांची मुलंही यायला लागली.

धागाकर्ती

हे फार आवडलं. परत येण्याचं कारणच आपण तयार करायचं! आता दोन गोष्टी सांगा. नोंद कशी ठेवता, वही की पुस्तकातच चिठ्ठी? आणि फाटलेल्या, हरवलेल्या पुस्तकांचं काय करता? दंड लावायचा नाही हे मी ठरवलंय, कारण दंडाच्या भीतीने पुस्तक कपाटात वर ठेवलं जाईल आणि मुलाच्या हाती लागणारच नाही. पण मग पुस्तकं कमी पडायला लागली की काय करायचं? तुमच्याकडच्या नोंदवहीचा नमुना इथे टाकता आला तर आम्ही सगळीकडे तोच वापरू.