शब्दचर्चा : अपहार, फसवणूक की 'निधी वळवणे'?

अनुवादिनी
युरोपीय संघाच्या कायद्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. शीर्षक सध्या असं केलंय : 'आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधीचे अपहारापासून फौजदारी संरक्षण'. कानाला बरं वाटतं, पण लेख पुढे सरकतो तसा 'अपहार' तोकडा पडतो. मुळात 'फ्रॉड' या एका शब्दाखाली तीन गोष्टी आहेत. खोटी किंवा अर्धवट कागदपत्रं देऊन अनुदान उचलणं, सांगणं बंधनकारक असलेली माहिती दडवणं, आणि ज्या कामासाठी पैसा मिळाला ते सोडून तो भलत्याच कामाला लावणं. तिन्हींना पुरेल असा शब्द कोणता?

जुनी कचेरी
अपहार नकोच. अपहारात पैसा त्या माणसाच्या ताब्यात आधी रीतसर आलेला असतो. पतसंस्थेचा सचिव ठेवीदारांचे पैसे घरी नेतो, तो अपहार. 'अफरातफर'ही त्याच घरातला शब्द. खोटा दाखला जोडून अनुदान मिळवणाऱ्याकडे पैसा मुळात नव्हताच, तो त्याने थाप मारून मिळवला. ही फसवणूक.

तुमच्या लेखाच्या मुळाशी संघाचा ५ जुलै २०१७चा निर्देश (२०१७/१३७१), म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, असणार. त्यातही हे वेगळं ठेवलंय. फ्रॉड तिसऱ्या कलमात. लाचखोरी, मनी लाँडरिंग आणि निधी सांभाळणाऱ्या लोकसेवकाने केलेला अपहार चौथ्यात. 'अपहार' तिसऱ्या कलमातच खर्च केलात, तर चौथ्यासाठी हात रिकामे.

दंड संहितेच्या मराठी पाठात 'ठकवणूक' होतं, पण ते पुस्तकातच राहिलं. पोलीस ठाण्यात आणि बातमीत 'फसवणूक'च चालतं. तेच घ्या.

बांधावरून
पहिल्या दोन गोष्टींना फसवणूक चपखल बसते. तिसऱ्या गोष्टीपाशी मात्र थांबायला हवं. तिला आपल्याकडे जिवंत शब्द आहे : 'निधी वळवणे'. आदिवासी विकासाचा निधी दुसरीकडे वळवला, अशा बातम्या आपण दर अधिवेशनात वाचतो. गदारोळ होतो, निवेदनं दिली जातात, आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. त्यामुळे हा शब्द ऐकला की मराठी वाचकाला राजकीय अन्याय दिसतो, गुन्हा दिसत नाही.

युरोपीय व्याख्येत मुद्दा नेमका उलटा आहे. अर्ज खरा, कागद खरे, पैसा रीतसर मिळाला, पण जाणूनबुजून मंजूर हेतू सोडून खर्च केला, तर तोही फ्रॉड. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अनुदान लाटणारा नेहमी खोटाच कागद आणतो असं नाही. म्हणून 'निधी वळवणे' लिहू नका. 'मंजूर हेतू सोडून निधी वापरणे' असं सरळ लिहा, आणि तिन्हींवर मथळा 'फसवणूक' असू द्या. वाचकाला सुरुवातीला खटकेल. खटकू द्या, व्याख्येत नवं तेच तर आहे.

अनुवादिनी
पटलं. आता शीर्षकातला 'आंतरराष्ट्रीय' आणि 'फायनान्शियल इंटरेस्ट्स'साठी योजलेला 'आर्थिक हितसंबंध' या दोघांचं बोला.

दूरदेशी
'आंतरराष्ट्रीय' म्हटलं की राष्ट्रांनी आपापली वर्गणी टाकलेला निधी डोळ्यांपुढे येतो. युरोपीय संघाचं सगळं तसं नाही. संघाबाहेरून येणाऱ्या मालावरचं सीमाशुल्क हे संघाचं स्वतःचं उत्पन्न. देश ते वसूल करतो आणि वसुलीच्या खर्चापोटी २०२१पासून २५ टक्के ठेवून घेतो, बाकीचं संघाचं. म्हणजे बंदरावर कोणी खोटं बोललं, तर बुडालेला पैसा मुख्यतः त्या देशाचा नसतोच. मग तिथल्या अधिकाऱ्याने जिवाचं रान का करावं?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. १९८६मध्ये युगोस्लाव्हियातला मका ग्रीसमधला म्हणून दाखवून बेल्जियमला पाठवला गेला आणि शेतमालाच्या आयातीवरची लेव्ही बुडवली गेली. ग्रीक अधिकारीही त्यात सामील असल्याचं युरोपीय आयोगाचं म्हणणं होतं. ग्रीसने दोषींवर कारवाई केली नाही, म्हणून आयोग न्यायालयात गेला. २१ सप्टेंबर १९८९ला निकाल लागला : तुमच्या देशाच्या कायद्याचा तशाच प्रकारचा भंग करणाऱ्याला जसं वागवता, तसंच युरोपीय समुदायाचा (संघाच्या आधीच्या रूपाचा) कायदा मोडणाऱ्यालाही वागवा. तेव्हाच्या करारात हे इतक्या शब्दांत लिहिलेलं नव्हतं. पुढे मास्ट्रिक्टच्या करारात ते आलं आणि आज ते संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराच्या ३२५व्या अनुच्छेदात आहे.

पैसा राष्ट्रांच्या वरच्या संस्थेचा आणि तुरुंग राष्ट्राचा, ही या विषयातली खरी अडचण. ती दाखवायला 'अधिराष्ट्रीय'च हवा. शब्द अनोळखी आहे हे खरं, पण 'आंतरराष्ट्रीय' चुकीचं चित्र उभं करतो.

जुनी कचेरी
'हितसंबंध' तर काढाच. मराठीत हितसंबंध 'गुंतलेले' असतात. 'संघाच्या आर्थिक हितसंबंधांचे रक्षण' वाचून वाचकाला वाटेल, कुणाचा तरी स्वार्थ जपला जातोय. 'आर्थिक हित' पुरेसं आहे, एकवचनी.

आणि त्याच मक्याच्या निकालातली तीन विशेषणं तुमच्या लेखात येतीलच. शिक्षा कशी असावी? परिणामकारक, प्रमाणशीर आणि तिसरं 'प्रतिबंधक' असं कुणीतरी सुचवेल. ते टाळा. 'प्रतिबंधक कारवाई' म्हणजे गुन्हा घडण्याआधी केलेली धरपकड. इथे गुन्हा घडून गेलाय, पुढच्याने धसका घ्यावा एवढाच हेतू आहे. 'जरब बसवणारी शिक्षा' म्हणा.

दूरदेशी
जरब उत्तम, पण तिलाही कुंपण आहे, हे लेखात आलं पाहिजे. इटलीत व्हॅट बुडवण्याचे खटले निकालापूर्वीच मुदतबाह्य होत. २०१५च्या तारिक्को निकालात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की गंभीर प्रकरणांत जरब राहत नसेल तर ती मुदत बाजूला ठेवा. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने हरकत घेतली : गुन्हा घडल्यानंतर आरोपीविरुद्ध नियम कडक कसा करता? ५ डिसेंबर २०१७ला युरोपीय न्यायालयाने त्या तत्त्वाला मान दिला. मला इटलीच्या न्यायाधीशांचं म्हणणं योग्य वाटतं. तिजोरी कितीही मोठी असली, तरी आरोपीचा हक्क तिच्यापुढे लहान होत नाही.

कलम
एक जोडी राहिली : चौकशी आणि तपास. १९९९मध्ये स्थापन झालेलं 'ओलाफ' हे संघाचं फसवणूकविरोधी कार्यालय कागद तपासतं, जागेवर जाऊन पाहतं, अहवाल देतं. खटला भरू शकत नाही. त्याच्या कामाला 'चौकशी' म्हणा. १ जून २०२१ला लक्झेंबर्गमधून काम सुरू केलेलं संघाचं 'ईपीपीओ' हे कार्यालय वेगळं. लॉरा कोवेशी त्याच्या पहिल्या प्रमुख. ते गुन्ह्याचा 'तपास' चालवतं आणि राष्ट्रीय न्यायालयांत खटलाही उभा करतं. त्याला 'युरोपीय सरकारी वकील' म्हणू नका. संघाला आपल्या अर्थाने सरकार नाही, आणि आपला सरकारी वकील तपास चालवत नाही. 'युरोपीय लोकअभियोक्ता कार्यालय' बरं. डेन्मार्क, हंगेरी आणि आयर्लंड त्यात नाहीत, हेही नोंदवा. नाहीतर 'युरोपीय' या शब्दाने सगळे देश आले असं वाटेल.

अनुवादिनी
'कॅरोसेल फ्रॉड'चं काय करू?

बांधावरून
संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशातल्या व्यापाऱ्याला माल विकला की त्यावर व्हॅट लागत नाही. घेणारा तो देशात व्हॅट लावून विकतो आणि कर न भरता गायब होतो. पुढचा खरेदीदार त्या कराची वजावट मागतो, माल पुन्हा सीमेपार जातो, फेरा परत सुरू. जीएसटीच्या बातम्यांमुळे 'बोगस बिलं' सगळ्यांना कळतं, पण इथे माल खरोखर फिरवलेलाही असू शकतो. मी 'फेऱ्याची व्हॅट-फसवणूक' लिहीन. शेजारी हेही द्या, की २०१७चा तो निर्देश व्हॅटला सरसकट लागू नाही : प्रकरण दोन किंवा अधिक सदस्य देशांत पसरलेलं आणि नुकसान किमान १ कोटी युरोंचं असावं लागतं. त्याखालचं प्रकरण ज्या त्या देशाने आपल्या कायद्याने पाहायचं.