स्टोरी पॉइंटचे थेट दिवस करून मागतात, काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

खराडीतल्या एका कंपनीत आमची सात जणांची टीम आहे, पाच डेव्हलपर आणि दोन टेस्टर. विमा पॉलिसी नूतनीकरणाचं पोर्टल, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा एक टप्पा), क्लायंट बाहेरदेशीचा. प्रत्येक स्टोरीचं, म्हणजे कामाच्या एका तुकड्याचं, एस्टिमेशन पोकरनं करतो; जो तो आपल्या अंदाजाच्या पॉइंटचा पत्ता दाखवतो: १, २, ३, ५, ८, १३. इथपर्यंत सगळं पुस्तकी.

पुढे घोळ आहे. प्लॅनिंग संपलं की आमचे डिलिव्हरी मॅनेजर सगळे पॉइंट एक्सेलमध्ये घेतात, एका पॉइंटला एक दिवस लावतात आणि क्लायंटला तारीख कळवून मोकळे होतात. आठ पॉइंटची स्टोरी नवव्या दिवशी उघडी दिसली की रोजच्या डेली मीटिंगमध्ये चौकशी सुरू. मी समजावून पाहिलं की स्वारगेट ते हिंजवडी अंतर ठरलेलं आहे, वेळ मात्र तुम्ही कधी निघालात त्यावर; पॉइंट म्हणजे ते अंतर. तर म्हणाले, "मग ट्रॅफिक धरूनच सांगा ना!" माणूस वाईट नाही, पण यावर बोलायचं काय?

व्हायचं तेच झालं. गेल्या वर्षी तीनची असायची तसली स्टोरी आता पाचची होते, पाचची आठची. वेलोसिटीचा (स्प्रिंटला संपलेल्या पॉइंटचा) आलेख वर चाललाय आणि स्प्रिंटअखेर हातात पडणारं काम तेवढंच.

गेल्या प्लॅनिंगचं सांगतो. स्टोरी होती, ग्राहकाला रिफंड कुठवर आला ते स्क्रीनवर दाखवणे. डेव्हलपरांनी ३ दाखवले, एका टेस्टरनं १३. मॅनेजर म्हणाले, सरासरी आठ, पुढची घ्या. नंतर चहाला गेल्यावर ती टेस्टर सांगत होती की पेमेंट गेटवेचा कॉलबॅक (व्यवहाराचं काय झालं ते कळवणारा संदेश) कधी तासभर उशिरा येतो, कधी एकच दोनदा येतो, आणि फसलेला रिफंड टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये तयारच करता येत नाही. स्टोरी अर्थातच पुढच्या स्प्रिंटात गेली.

त्यात गणपती. त्या पंधरवड्यात निम्मी टीम रजेवर (विसर्जनाला पुण्यात कोण ऑफिस गाठणार?), शीटमध्ये क्षमता मात्र बारमाही तीच.

तर, पॉइंट सोडून सरळ तासांत एस्टिमेट द्यावं का? की एस्टिमेटच बंद करून नुसत्या स्टोऱ्या मोजाव्यात? तारीख तर द्यावीच लागते. प्रत्यक्ष करून पाहिलेलं सांगा, सर्टिफिकेशनच्या स्लाइड नकोत.

प्रतिसाद १

तासांत जाऊ नका. एक्सेल तेच राहील, फक्त आता दिवसाऐवजी तासाचा हिशोब मागतील.

३ आणि १३ ची सरासरी काढायची तर पोकर खेळायचंच कशाला? जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत पत्ते एकदम उलटतात, म्हणजे सीनियरचा आकडा ऐकून बाकीचे माना डोलावत नाहीत. मग सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त सांगणाऱ्यानं बोलायचं आणि पुन्हा पत्ते टाकायचे. तुमच्या टेस्टरचं चहावरचं बोलणं तिथेच व्हायला हवं होतं. ते झालं असतं तर स्क्रीन एक स्टोरी, उशिरा किंवा दुबार येणारा कॉलबॅक दुसरी, आणि फसलेला रिफंड कसा घडवायचा हे शोधायला एका दिवसाचा स्पाइक (नुसतं शोधकाम), अशी फोड जागेवर झाली असती.

तारखेचं म्हणाल तर तुमचे मॅनेजर बरोबरच बोलले, ट्रॅफिक धरूनच सांगायचं. फक्त ते अंदाजानं धरायचं नाही. जिरातून (कामांची नोंद ठेवायचं टूल) वर्षभराच्या पूर्ण झालेल्या स्टोऱ्या काढा, काम सुरू झाल्यापासून 'डन' होईपर्यंतचे दिवस चढत्या क्रमानं लावा. शंभर असतील तर पंच्याऐंशीवीचा आकडा बघा. तो बारा निघाला तर सांगायचं, "सातपैकी सहा वेळा बारा दिवसांच्या आत." अख्ख्या रिलीजसाठी स्प्रिंटला कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती स्टोऱ्या संपल्या ते घ्या. चाळीस उरल्यात आणि सहा ते नऊ संपत असतील, तर पाच ते सात स्प्रिंट. वर्षभराचा डेटा असल्यामुळे गणपती-दिवाळी त्यात आलेच.

मॅनेजरना दाखवायला एवढं पुरे: स्क्रम गाइडमध्ये (स्प्रिंटवाल्या या पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत) स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही, आणि २०११ च्या आवृत्तीत स्प्रिंटच्या कामासाठी 'कमिटमेंट' काढून 'फोरकास्ट' आणलं गेलं. या पद्धतींच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी रॉन जेफ्रीज यांनी तर, पॉइंट कदाचित आपणच काढले असतील आणि तसं असेल तर आता वाईट वाटतं, असं २०१९ मध्ये लिहूनच टाकलं.

प्रतिसाद २

पॉइंट अप्रेझलला लावलेत का हो? लावले असतील तर आधी ते काढा. तोवर कुठलीही पद्धत आणा, आकडे फुगणारच.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. हो, या तिमाहीपासून शीटमध्ये माणशी पॉइंटचा रकाना आलाय. त्यावर एचआरशी बोलावं लागेल, ते सोपं नाही. डेटा सोमवारी काढतो. एक शंका: स्टोरी टेस्टिंगच्या रांगेत नुसती पडून असते ते दिवस धरायचे की वगळायचे?

प्रतिसाद १

धरायचे. क्लायंट त्या दिवसांतही वाटच बघत असतो. पण ते वेगळ्या रकान्यात लिहा. पाच डेव्हलपरांमागे दोन टेस्टर आहेत, निम्मे दिवस तिथेच अडकलेले निघाले तर नवल नाही.