कॉलम ४० चा, व्हेरिएबल बी ४० चा, तरी नाव मावत नाई

कापूसवाला:
राजेहो, मदत करा बरं. जिनिंगवर काटा झाला की पावती ओरॅकल डेटाबेसात जाते, तिची प्रोसिजर (डेटाबेसातला छोटा प्रोग्राम) मीच लिहिली. मागच्या हंगामात शेतकऱ्यांची नावं इंग्रजीत होती तवा काही झालं नाई, औंदा मालक म्हणे नावं मराठीत पायजे, सातबाऱ्यावर हायेत तशी. आता राम-शाम आले की चालते अन् 'ज्ञानेश्वर पुंडलिकराव' आला की एरर ओआरए-०६५०२, कॅरेक्टर स्ट्रिंग बफर टू स्मॉल, म्हणजे नावाले जागा कमी. टेबलात कॉलम ४० कॅरेक्टरचा हाये, प्रोसिजरच्या डिक्लेअरमध्ये व्हेरिएबलले बी तेच लिहिलं:
व्ही_नाव व्हारचार२(४०);
नाव मोजलं, काना-मात्रा धरून २१ भरते. मंग मावत कसं नाई? बाहेर गाड्यांची लाइन लागली अन् मी हाताने पावत्या फाडून राह्यलो.

रात्रपाळी:
टेबल कसं बनवलं ते पाह्य, तिथं ४० च्या पुढं 'कॅर' लिहिलेलं असन, म्हणजे ४० कॅरेक्टर. तुह्या व्हेरिएबलात ते नाई, अन् सेटिंग बदललं नसन तर नुसतं ४० म्हणजे ४० बाइट, साठवायच्या जागेचं माप. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खाते, मात्रा बी अन् पाय मोडला तो हलन्त बी. ज्ञानेश्वर १० चिन्हं, पुंडलिकराव १०, मधात स्पेस, ३०+३०+१, झाले ६१. इंग्रजी अक्षराले एकच बाइट लागते म्हणून मागच्या साली वाचला तू. असं लिह्य:
व्ही_नाव शेतकरी.नाव%टाइप;
कॉलमचा जो टाइप अन् जो साइज तोच व्हेरिएबलले येते. उद्या कॉलम १०० चा केला तर प्रोसिजर पुन्हा कंपाइल होऊन नवा साइज घेते, तुले हात लावा लागत नाई.

बिनधास्त_वऱ्हाडी:
एवढं कायले बावा, ४००० टाक अन् झोप. पीएल/एसक्यूएलमध्ये (प्रोसिजर लिहायची ओरॅकलची भाषा) व्हेरिएबल ३२७६७ बाइटपर्यंत चालते.

रात्रपाळी:
चालते ना, पण मंग लंबं नाव व्हेरिएबलातून सुटते अन् इन्सर्टवर, म्हणजे टेबलात टाकतानी, अडकते, एरर ओआरए-१२८९९. शिवी तीच, जागा दुसरी.

काट्यावरची:
भाऊ, एरर येते ते बरं असते, न येणारं पाहा. मी वजनाले नंबर(४) लिहिलं होतं, क्विंटलमध्ये. दशांशाची जागाच दिली नाई तर ओरॅकल गुपचूप पूर्णांक करते, १२.४० चे १२ झाले, शेतकऱ्याचे ४० किलो गेले. दुसऱ्या गाडीत १२.६० चे १३, तिथं मालकाचे ४०. एरर एक बी नाई! दिवसाची बेरीज काट्याच्या वहीशी जुळे ना अन् मी दोन दिवस बेरजेच्या क्वेरीतच चूक शोधत बसले. तवापासून वजन, भाव सगळं %टाइपनेच. फक्त कॉलमची डिफॉल्ट व्हॅल्यू (काही नाई दिलं तर भरते ती) अन् नॉट नल (रिकामं चालत नाई हा नियम) त्याच्यासंगं येत नाई, ते तुम्हीच पाहा.

कापूसवाला:
झालं भौ, ज्ञानेश्वर गेला आत! घरच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल डेटाबेस हाये, तिथं बी हेच चालन का?

रात्रपाळी:
नाई, मायएसक्यूएलात %टाइप नाई, तिथं टाइप हातानेच लिहा लागते. पोस्टग्रेस डेटाबेसात हाये.

कापूसवाला:
ताई, तुम्ही म्हटलं म्हणून वजन पाह्यलं. माह्यात नंबर(५) निघालं. मागच्या हंगामाच्या पावत्या काढतो आता.